परक्या तीर्थावर हात जोडताना

फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते. मुंबई-वसईकडून आलेल्या ख्रिस्ती भाविकांच्या रांगेत मेणबत्ती घेतलेली हिंदू कुटुंबंही उभी असतात. ज्या धर्माची शिकवण आपण स्वीकारलेली नाही, त्याच्या तीर्थावर केलेली प्रार्थना खरी मानावी का? मानावी, असं माझं ठाम मत आहे. फक्त त्या स्थानाचा मूळ अर्थ आपण पुसू नये. नाशिकला ही रीत जुनीच आहे. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात पांडवलेण्यातल्या लेखात ब्राह्मणांना दिलेल्या गाईंचा अभिमानानं उल्लेख करतो आणि तिथंच बौद्ध भिक्खूंसाठी लेणं कोरवल्याचं सांगतो. शिवाय गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे त्यानं २००० कार्षापण नाणी दरमहा शेकडा एक व्याजानं ठेवले. त्यातून वर्षावासातल्या वीस भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२ कार्षापण मिळत. एक श्रद्धा जपत त्यानं दुसरीची सोय पाहिली.

यावर पहिला आक्षेप असा, की अशानं सगळे धर्म एकाच मापानं मोजले जातात. इटलीतल्या असिसीत, संत फ्रान्सिसच्या गावी, २७ ऑक्टोबर १९८६ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी नाना धर्मांच्या प्रमुखांना बोलावलं, तेव्हा चर्चमधल्या परंपरावाद्यांनीही हेच म्हटलं होतं. पण तिथं प्रत्येकानं आपापल्या जागी, आपापल्या पद्धतीनं प्रार्थना केली आणि मग सगळे एकत्र जमले. भेद झाकले गेले नाहीत. बाळ येशूच्या दारीही तेच पथ्य हवं. मिस्सेतलं कम्युनियन बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठी असतं. इतरांनी ते घेऊ नये आणि येशूला परस्पर आपल्या देवतांच्या यादीत बसवू नये. दुसरा आक्षेप नवसाचा: हा देवाशी केलेला सौदा आहे. काही वेळा असतोही. पण आजारी लेकरासाठी आई विनवते, तेव्हा तिची हतबलता कुठल्याच धर्माला परकी नसते, आणि गरजेपोटी केलेली प्रार्थना खोटी ठरवली तर स्वधर्मातल्याही बहुतेक प्रार्थना बाद होतील.

पाहुण्यासारखंच यजमानालाही कर्तव्य असतं. याच शहरात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, कारण रामाला मानणाऱ्या दलितांनाच रामाचं दार बंद होतं. दार अडवणारे पावित्र्याचं नाव घेत होते, पण राखत होते जातीचा अधिकार. म्हणून तीर्थानं येणाऱ्याची जात किंवा धर्म विचारू नये, तिथली मर्यादा पाळण्याची अपेक्षा जरूर ठेवावी. बाळ येशूच्या दारात आपल्याला जे मिळतं, तेच २०२७ च्या सिंहस्थात गोदाकाठी येणाऱ्या परधर्मीयाला देणं आपलं कर्तव्य आहे.