बेचाळीस मोर

घाटकोपरच्या असल्फा डोंगराच्या पायथ्याशी पालिकेची एक मराठी शाळा होती. तिथं सहावीच्या वर्गाला नव्या बाई आल्या. पहिला निबंध दिला, विषय नेहमीचाच: पावसाळ्यातील एक दिवस. शाळा सुटल्यावर वह्यांचा गठ्ठा घेऊन बाई असल्फा स्टेशनवर मेट्रोत चढल्या आणि बसायला जागा मिळाली म्हणून तपासायला लागल्या.

पहिल्या वहीत धरतीने हिरवा शालू नेसला होता, बळीराजा आनंदला होता आणि मोर पिसारा फुलवून नाचत होता. दुसऱ्या वहीत तेच. साकीनाका गेलं, मरोळ गेलं, चकाल्यापर्यंत बारा मोर झाले. अंधेरीला बोरिवलीची लोकल पकडली, त्यात उभ्याउभ्या आणखी काही मोजले. एकीच्या वहीत घाईघाईत मात्रेची जागा चुकून मोराचा ‘मारे’ झाला होता, आणि तिच्या शेजारणीच्या वहीतही ‘मारे’च नाचत होता. बोरिवली येईपर्यंत बेचाळीस मुलांचे बेचाळीस मोर झाले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गात विचारलं, “मोर कुणी पाहिलाय?”

पाच-सात हात वर आले. एकाने कॅलेंडरवर पाहिला होता, दुसऱ्याने मोबाइलवर.

“आणि पावसात नाचताना?”

हात खाली गेले. बाई रागावतील असं मुलांना वाटलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. “हे बघा, मी बोरिवलीला चौथ्या मजल्यावर राहते. माझ्या घरात पाऊस येत नाही. खिडकी लावली की संपला. तुमच्याकडे वर डोंगरावर पाऊस कसा येतो, मला खरंच माहीत नाही. सांगा.”

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. बाईंना माहीत नाही? असं कुठे असतं?

मग एक मुलगा म्हणाला, “बाई, पायऱ्यांवरनं पाणी येतं. नदीच होते. चपला हातात घेऊन उतरायचं.” दुसरा म्हणाला, “आमच्या लोखंडी दाराला करंट लागतो, हात लावायचा नाही.” तिसऱ्या एका मुलीचा गणवेश चार दिवस वाळत नाही, म्हणून तो फ्रिजच्या मागे घालतात आणि मग त्याला फ्रिजचा वास येतो. एकाची आजी अजून 2005 च्या 26 जुलैचा पाऊस सांगते. त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला होता, पण आजीच्या गोष्टीत आकडा नाही, साकीनाक्यापासून कमरेइतक्या पाण्यातून चालत आलेले आजोबा आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर पालिकेची नोटीस येते, घर धोक्याचं आहे, खाली करा म्हणून. ती आई डब्यात ठेवते. कुठल्या डब्यात, तेसुद्धा एकाने सांगितलं.

शेवटच्या बाकावरची एक मुलगी सगळ्यात उशिरा बोलली. साताऱ्याकडची, घरी बोलतात तसंच बोलणारी. “आमच्यात मे महिन्यातच ताडपत्री घालत्यात, निळी. तरी टपकतं. मग आई टोप लावती. टोपात पाणी पडलं की टण टण वाजतं, झोप न्हाई येत. म्हणून आई टोपात फडकं टाकती. मग आवाज न्हाई होत.”

बाई म्हणाल्या, “टोपात फडकं! हे मला सुचलं नसतं. आता हे सगळं लिहून काढा.”

आणि इथेच घोटाळा झाला. मुलांनी वह्या उघडल्या, पेनं काढली, पाठी ताठ झाल्या. त्या मुलीने लिहिलं: ‘पावसाळा हा सर्वांचा आवडता ऋतू आहे. सर्वत्र आनंदीआनंद पसरतो.’ टोप नाही, फडकं नाही, आई नाही.

आपल्याकडे याचा दोष गाइडला देण्याची पद्धत आहे. मला ते फारसं पटत नाही. ज्या घरात आधीच्या कुणी निबंध लिहिलेला नाही, तिथे गाइड हाच आधार असतो, आणि आईबाप पदराला खार लावून ते घेतात. खरी गोष्ट साधी आहे. ज्याला सगळं आधीच ठाऊक आहे त्याच्यासमोर मूल पाठ म्हणून दाखवतं; ज्याला ठाऊक नाही त्याला ते सांगू लागतं. बाई खुर्चीत बसल्या होत्या तोवर मुलं सांगत होती. वही उघडली, आणि बाई पुन्हा तपासणाऱ्या बाई झाल्या.

बाईंच्या हे लक्षात आलं. त्यांनी त्या मुलीला फळ्याजवळ बोलावलं. “तू फक्त बोल. लिहायचं काम माझं.” मुलगी बोलली, बाईंनी फळ्यावर उतरवलं. ‘घालत्यात’चं ‘घालतात’ केलं नाही, ‘टाकती’चं ‘टाकते’ केलं नाही.

वर्ग हसला. “बाई, ते अशुद्ध आहे!”

तेव्हा बाईंनी बहिणाबाईंची गोष्ट सांगितली. असोद्याची ही बाई 1880 साली जन्मली, लग्न होऊन जळगावच्या चौधरींकडे आली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात काम करताना ती आपल्या घरच्या बोलीत ओव्या रचायची. तिच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि त्यांच्या नात्यातल्या एका भावाने त्यातल्या काही कागदावर उतरवून ठेवल्या. 1951 मध्ये ती गेली. सोपानदेवांनी ते कागद आचार्य अत्र्यांना दाखवले, आणि 1952 मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. “सोपानदेव स्वतः कवी होते,” बाई म्हणाल्या. “आईची भाषा ‘सुधारणं’ त्यांना काय अवघड होतं? ती त्यांनी तशीच राहू दिली, म्हणून आज तिच्या कविता शाळेच्या पुस्तकांतून शिकवतात.”

“मग शुद्धलेखन नको?” एका हुशार मुलाने आशेने विचारलं.

“हवं. पण ते शेवटी. आधी गोष्ट येऊ दे, मग तिचे ऱ्हस्व-दीर्घ बघू. आणि आई जे बोलली ते आईच्याच तोंडचं राहील.”

त्या आठवड्यात मुलं जोडीजोडीने बसली. एकाने सांगायचं, दुसऱ्याने उतरवायचं, मग उलट. वर्गात एवढा गोंगाट झाला की शेजारचे गुरुजी दोनदा डोकावून गेले. मधल्या सुट्टीत ते म्हणालेच, “बाई, कशाला जिवाला त्रास? पालिकेच्या शाळेतली मुलं, ती काय लेखक होणार आहेत?”

“कवी नारायण सुर्वे याच पालिकेच्या शाळेत आधी शिपाई होते आणि मग शिक्षक,” बाई म्हणाल्या. “त्यांचं ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हे पुस्तक 1962 चं. आणि लेखक नाही झाली तरी चालेल हो. उद्या ऑफिसात जाऊन आपली तक्रार आपल्या शब्दांत मांडता आली तरी पुष्कळ झालं.” गुरुजींनी चहा संपवला. त्यांना पटलं असं नाही, पण पुढे ते डोकावायचे तेव्हा जरा जास्त वेळ थांबायचे.

मुलांनी बाईंनाही सोडलं नाही. “आता तुम्ही लिहा. बोरिवलीला पाऊस कसा येतो?” बाईंनी खडू घेतला, फळ्याकडे वळल्या आणि लिहिलं: ‘पहिल्या पावसाने मृद्गंध दरवळतो.’

“बाई, चौथ्या मजल्यावर?” मागच्या बाकावरून आवाज आला.

बाईंनी ते पुसलं. बराच वेळ खडू हातात धरून उभ्या राहिल्या. सहावीच्या पोरांनी बाईंना पहिल्यांदाच अडलेलं पाहिलं, आणि त्यांना ते फार आवडलं. शेवटी बाईंनी लिहिलं, ‘आमच्या सोसायटीत पाऊस आला की सगळे आधी आपापल्या गाडीच्या काचा बघायला खाली धावतात.’ वर्गाने टाळ्या वाजवल्या.

चाचणी परीक्षेच्या वह्या दुसऱ्या वर्गाच्या शिक्षकांकडे गेल्या. ताडपत्रीवाल्या मुलीला निबंधात दहापैकी पाच. ‘टोप’खाली लाल रेघ, ‘फडकं’खाली लाल रेघ. मोरवाल्यांना सात.

पालकसभेत तिचे वडील वही घेऊन उभे राहिले. दिवसभर माल उतरवून आलेले, शर्टाच्या बाह्या अजून वर दुमडलेल्या. “बाई, गाइडातलं लिहिलं असतं तर सात मिळाले असते. आमच्या घरात पाणी गळतं हे परीक्षेत कशाला लिहायचं? लोकं काय म्हणतील?”

प्रश्न दोन होते आणि दुसरा जास्त खरा होता. मेट्रोतून जाणारे लोक असल्फाच्या रंगवलेल्या घरांचे फोटो काढतात. त्या रंगामागे टोप लावलेले असतात, हे कुणाला कशाला दाखवायचं?

बाई म्हणाल्या, “मार्कांची हमी मी देत नाही. पण एक सांगते. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ पाठ केला आणि परीक्षेत आलं ‘पाऊस पडला नाही तर’, मग मोराचं काय करायचं? तुमची मुलगी दोन्ही लिहील. आणि गळतीचं म्हणाल तर तिने गळतीवर लिहिलेलंच नाही. तिच्या आईला काय सुचतं, त्यावर लिहिलंय. तुम्ही वाचलंत का?”

वडिलांनी वाचलं नव्हतं. त्यांनी फक्त मार्क पाहिले होते.

रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी वही मागितली आणि दिव्याखाली धरून सावकाश, ओठ हलवत वाचायला लागले. मुलगी भिंतीला टेकून बसली होती. अर्ध्या पानावर ते थांबले.

“हे चुकलंय.”

“कुठला शब्द, पप्पा?”

“शब्द नाही. ताडपत्रीवर विटा ठेवल्या म्हणून लिहिलंस. विटा कुठायत? विटेच्या कोरेनं ताडपत्री फाटती. जुने टायर टाकतो मी. गॅरेजवाल्याकडनं आणलेले.”

मुलीने विटा खोडून टायर लिहिले.

“आणि शिडी कुणी धरली होती? शेजारच्या मामांनी. ते कुठंय?”

“ते विसरले.”

“लिही. बांबूची शिडी, घसरत होती, मामा नसते तर पडलो असतो.”

“पप्पा, शिडी बांबूची नव्हती. लोखंडी होती. मी खाली उभी होते.”

“अगं, वर चढलेला मी!”

आई भांडी घासता घासता म्हणाली की दोघांचंही चुकतंय, शिडी नव्हतीच, पिंपावर पाट ठेवला होता.