सारथ्य कोणाचे, भार कोणाचा?

भिवंडीजवळच्या दापोडे गावातल्या गोदामांतून माल भरून निघालेला ट्रक खड्डे, हातगाड्या आणि उलट्या दिशेने घुसणाऱ्या दुचाक्या चुकवत मानकोली नाका गाठतो. तोच ट्रक पुढे आमण्याला समृद्धी महामार्गावर चढला की नागपूरपर्यंत 701 किलोमीटरचा रस्ता मोकळा. काचेशी कुठे गणपती, कुठे साईबाबा, कुठे 786 हा आकडा आणि बंपरला लिंबू-मिरची असते. आता त्याच काचेवर रस्त्यावर आणि चालकाच्या डोळ्यांवर नजर ठेवणारे कॅमेरे येऊ घातले आहेत. ट्रक-बसमध्ये आपोआप लागणारा ब्रेक, डुलकीचा इशारा आणि लेन सुटल्याचा इशारा सक्तीचा करण्याचा मसुदा केंद्र सरकारने 2025 मध्ये काढला. काही मोटारी तर वेग आणि स्टिअरिंग दोन्ही काही काळ स्वतःच सांभाळतात. अशा यंत्रावर चालकाने किती भरवसा टाकावा, हा प्रश्न सहसा अभियंत्यांवर सोडला जातो. माझ्या मते तो धर्माधर्माचा प्रश्न आहे, कारण भरवसा मागणाऱ्यावर काय बंधन येते, हे ठरल्याशिवाय भरवसा ठेवणाऱ्याला दोष देता येत नाही.

अशा अर्धस्वयंचलित गाडीची खरी अडचण तिच्या अर्धेपणात आहे. गाडी यंत्र चालवते आणि लक्ष मात्र माणसाने ठेवायचे. हे काम माणसाला जमत नाही. स्वतः काही न करता तासन्‌तास पहारा देताना लक्ष ढळते आणि यंत्र जितके चोख, तितके ते लवकर ढळते, असे राजा परसुरामन यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांनी अनेक वर्षांच्या अभ्यासातून मांडले. समृद्धीवर तर साध्या गाड्यांचे चालकही सरळ, एकसुरी रस्त्याने गुंगून जातात, ही चर्चा महाराष्ट्राने अपघातांमागून अपघात होताना ऐकली आहे. म्हणजे आखीव पट्ट्यांच्या ज्या रस्त्यावर यंत्र उत्तम चालते, तिथेच माणूस पेंगतो. दापोड्याच्या रस्त्यावर माणूस टक्क जागा असतो, पण तिथल्या गर्दीत आणि पुसलेल्या पट्ट्यांत यंत्र चाचपडते. 2018 मध्ये अमेरिकेतल्या टेम्पी शहरात उबरच्या चाचणीतल्या मोटारीने सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या बाईला उडवले. रस्त्याच्या मधूनच कुणी पायी जाईल, हे त्या यंत्रणेच्या रचनेत धरलेलेच नव्हते आणि मोटारीचा मूळचा आपत्कालीन ब्रेक चाचणीपुरता बंद ठेवला होता. देखरेखीला बसवलेली चालक तेव्हा मोबाइलवर कार्यक्रम पाहत होती. तिची चूक होतीच, पण फौजदारी खटला एकट्या तिच्यावरच झाला, कंपनीवर नाही.

आपल्या परंपरेत सारथ्याचा सर्वांत मोठा विचार गीतेत आहे. अठराव्या अध्यायात श्रीकृष्ण सगळे सांगून झाल्यावर अर्जुनाला म्हणतात की नीट विचार कर आणि तुला वाटेल तसे कर. साक्षात भगवंत सारथी असूनही निर्णय त्याच्या हातून काढून घेत नाहीत. यावर कोणी म्हणेल की त्याच अध्यायात पुढे, सगळे धर्म सोडून मला एकट्याला शरण ये, असेही सांगितले आहे. खरे आहे. पण त्याच श्वासात, मी तुला सर्व पापांतून मुक्त करीन, हे आश्वासनही आहे. शरणागती मागणाऱ्याने भार स्वतःच्या शिरावर घेतला, म्हणून ती शरणागती न्याय्य ठरते. अर्धस्वयंचलित गाडीचा सौदा याच्या अगदी उलट आहे. जाहिरात निर्धास्त व्हायला सांगते आणि माहितीपुस्तिका बजावते की जबाबदारी सर्वस्वी चालकाची. ज्या भरवशात एकाने स्वाधीन व्हायचे आणि परिणामही त्यानेच भोगायचे, तो भरवसा मागणेच अधर्म आहे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप जीव वाचण्याचा आहे. 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे गेली. यंत्र थकत नाही, दारू पीत नाही, मग शंका काढत बसणे हेच पाप नाही का? यंत्राची मदत घ्यावीच, पण मदतीचे दोन प्रकार वेगळे ओळखावेत. नागपूरच्या शहर बसमध्ये ‘आय-रस्ते’ प्रकल्पात टक्कर होण्याआधी इशारा देणारी साधने बसवली गेली. तिथे गाडी माणूस चालवतो आणि त्याच्या नजरेतून सुटलेले यंत्र टिपते. माणसाच्या पहाऱ्यावर यंत्राचा पहारा, ही रचना माणसाच्या दुबळेपणाला धरून आहे. यंत्राच्या पहाऱ्यावर माणसाला बसवणे त्या दुबळेपणावरच घाव घालते. दुसरा आक्षेप असा की उत्पादकावर भार टाकला तर तंत्रज्ञान येणारच नाही. पण ब्रिटनने 2024 च्या कायद्यात, गाडी खरोखर स्वतः चालत असताना तिच्या चालण्याचा दोष आत बसलेल्या माणसावर न ठेवता त्यामागच्या कंपनीला उत्तरदायी धरण्याची तरतूद केली. म्हणजे भार वाटून घेता येतो.

आपल्याकडे ही वाटणी तातडीची आहे. धडक देऊन पळ काढण्याबद्दल दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या तरतुदीविरुद्ध जानेवारी 2024 मध्ये ट्रकचालकांनी चक्का जाम केला, तेव्हा काहीही झाले तरी दोष आपल्याच माथी येणार, ही त्यांची जुनी भीती उघड बोलली गेली. त्या माथ्यावर आता यंत्राच्या चुकाही लादू नयेत. ट्रकमालकाने कॅमेरा बसवला म्हणून चालकाची झोप आणि फेऱ्यांमधली विश्रांती कापू नये. उत्पादकाने आपले यंत्र कुठे चुकते ते चालकाच्या भाषेत आधी सांगावे आणि गाडी यंत्राच्या हाती असताना काय घडले याची नोंद अपघातानंतर तपासासाठी खुली करावी. हे होईपर्यंत चालकाने इशारे जरूर ऐकावेत, पण स्टिअरिंगवरचा हात काढू नये. जो भार उचलायला तयार नाही, त्याला आपला भरवसा मागण्याचा अधिकार नाही.