वेळासच्या अंधाराला किती मार्क?

कुठलं पर्यटनस्थळ स्पर्धेत कितपत टिकेल, हे पर्यटकांनाच विचारून मोजायचं, असा एक फॉर्म गेल्या वर्षी माझ्याकडे कामाला आला. बारा प्रश्न, प्रत्येकाला १ ते ५ गुण. ही पद्धत रेन्सिस लिकर्टने १९३२ मध्ये मांडली. कॅबवाल्याला आपण देतो ते स्टार तिचेच नातेवाईक. कोडमध्ये मी बाराही प्रश्नांना सारखं वजन दिलं. सारखं म्हणजे तटस्थ, ही माझी इंजिनिअरी समजूत.

टेस्टिंग म्हणून मार्चमध्ये वेळासला जाऊन फॉर्म स्वतः भरला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या या गावात ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी कुंपणात जपतात. सकाळ-संध्याकाळ टोपल्या उचलून बघतात. पिल्लं आली असली तर समुद्राकडे सोडतात. नसली तर नसली. पहिल्या दिवशी नव्हतीच. संध्याकाळी परतताना अंधारात मी सपशेल आपटलो.

‘अनुभवाची खात्री’ : १. ‘किनाऱ्यावरील दिवे’ : २.

मोबाइलचा टॉर्च लावला, तर ज्यांच्या घरी उतरलो होतो ते काका म्हणाले, “बंद करा आधी तो. पिल्लं उजेडाकडे वळतात. समुद्र सोडून गावात येतील.”

आता त्या २ चे ५ करायचे का? पण गुडघा खरंच फुटला होता. पर्यटकाला वाटलं तेच मोजायचं, हा तर फॉर्मचा प्रामाणिकपणा. माझा २ खरा होता आणि अंधारही बरोबर होता.

अडचण पुढे आहे. मार्टिला आणि जेम्स यांनी १९७७ मध्ये एक तक्ता सुचवला : गोष्ट ग्राहकाला किती महत्त्वाची आणि ती किती चांगली मिळाली, या दोन अक्षांवर चार खाने. महत्त्व जास्त, गुण कमी, त्या खान्यात आधी सुधारणा करा. आमच्या डॅशबोर्डवर तो खाना लाल होता (रंग मीच निवडलेला). माझ्यासारखे शंभर जण आपटले की वेळासचे दिवे तिथे जाऊन बसणार, आणि कुणीतरी भल्या मनाने खांब उभे करणार. कासव फॉर्म भरत नाही. काकांनाही तो कुणी दिलेला नव्हता.

प्रश्न उडवून टाकणं सोपं होतं. पण मग पर्यटकाचं म्हणणं मी आपल्या सोयीने गाळलं असतं. शेवटी त्याच्या खाली एक प्रश्न वाढवला : ‘इथे अंधार का ठेवला आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं का?’

रिव्ह्यूमध्ये लीडने विचारलं, “याचा स्कोर कसा काढायचा?”

“काढायचा नाही,” म्हटलं. तिकीट अजून उघडंच आहे.