उमेदवार

नोकरीच्या शोधात असलेल्या माणसाला आपण मराठीत 'उमेदवार' म्हणतो. अर्जांच्या छापील नमुन्यांवर हा शब्द आपण इतक्या वेळा वाचला आहे की, त्याचा मूळ अर्थ आपल्या ध्यानातून पार निघून गेला आहे. फारसीतून आलेल्या या शब्दाचा अर्थ आशा धरून असलेला मनुष्य, एवढाच. जुन्या कचेऱ्यांत 'उमेदवारी करणे' याला आणखी एक अर्थ होता. पुढे कायमची जागा मिळेल या भरवशावर बिनपगारी अथवा नाममात्र वेतनावर काम शिकत राहणे, त्याला उमेदवारी म्हणत. या शब्दाचा विचार करण्याची पाळी आमच्यावर कशी आली, ते येथे सांगावयाचे आहे.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आमच्या एका स्नेह्यांचे चिरंजीव राइट टाउनमधील आमच्या घरी आले. अभियांत्रिकीची पदवी घेऊन त्यांना तीन वर्षे झाली आहेत. या अवधीत कितीतरी परीक्षा झाल्या, दोनदा मुलाखतीपर्यंत मजल गेली आणि दोन्ही वेळा यादीत नाव आले नाही. आम्ही वडीलकीच्या नात्याने म्हणालो, "बाबा, मन प्रसन्न ठेव. चांगलेच होणार असे मनाशी धरून चाल, म्हणजे सगळे ठीक होईल." मुलगा सुशील, तो हसला. मग शांतपणे म्हणाला, "काका, सगळे ठीक होईल हे तुम्हांला कशावरून ठाऊक?"

आम्हांला उत्तर सुचले नाही. चहा आला आणि त्या आधाराने आम्ही विषय बदलला. प्रश्न मात्र मनातून गेला नाही. आशा धरणे हे माणसाचे कर्तव्य आहे काय? आणि असल्यास, ते कर्तव्य दुसऱ्याला सांगण्याचा अधिकार कोणाला?

आमच्यासारख्यांना तो अधिकार फारसा नाही, हे आधी कबूल केले पाहिजे. महिन्याच्या अखेरीस ज्याचे वेतन चुकत नाही, त्याने धीराच्या गोष्टी सांगणे सोपे असते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. नागपूरची राजधानी गेली, उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ जबलपुरास आले आणि कित्येक मराठी कुटुंबांनी आपली बिऱ्हाडे नव्या मध्य प्रदेशात हलविली. त्या पिढीने गाव गमावले, पण नोकरी तिच्या हाती होती. त्यांच्या नातवंडांची स्थिती उलट आहे. गाव हेच, घर हेच. हाती फक्त अर्ज. शिवाय येथे ती 'मराठी' आणि महाराष्ट्रात गेली की 'मध्य प्रदेशची'.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आशेचा एक प्रकार असा आहे की, तो मनाला गोड लागतो आणि हातापायांना सुस्त करतो. डोरिस मायर व गाब्रिएले ओटिंगेन या संशोधिकांनी जर्मनीतील पदवीधरांचा अभ्यास करून २००२ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. उत्तम नोकरी मिळाल्याची सुखचित्रे जे वारंवार रंगवीत, त्यांनी दोन वर्षांत अर्ज कमी केले, त्यांना बोलावणी कमी आली आणि वेतनही कमी मिळाले. याउलट, आपल्याला यश मिळणे शक्य आहे असा हिशेबी विश्वास ज्यांना होता, त्यांची वाटचाल बरी झाली. मनाने आधीच जेवून घेतले की, चूल पेटविण्याची निकड उरत नाही.

पण निराशा हा काही त्यावरचा उतारा नव्हे. ऑस्ट्रियातील मारियेंथाल या गावची कापडगिरणी जागतिक मंदीत बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले. मारी याहोडा व तिच्या सहकाऱ्यांनी तेथील जीवनाचा वृत्तांत १९३३ साली प्रसिद्ध केला. त्यातील एक गोष्ट विसरता येत नाही. लोकांपाशी वेळ अपरंपार होता, तरी ग्रंथालयातून पुस्तके नेणे पूर्वीपेक्षा कमी झाले. रस्त्याने जाणाऱ्या पुरुषांची चाल मंदावली. काम गेले, तसा दिवसाचा आकारही गेला.

येथे मराठी भाषा आपल्या मदतीला येते. आपण 'आशा' आणि 'उमेद' हे दोन शब्द सारख्या अर्थाने वापरीत नाही. आशा लागते, तुटते, फोल ठरते. तिची नजर फळावर असते. उमेद मात्र खचते किंवा टिकते. 'उमेदीची वर्षे' म्हणतो तेव्हा आपल्याला अपेक्षा अभिप्रेत नसते, अंगातली धमक अभिप्रेत असते. तेव्हा उमेद म्हणजे भविष्याविषयीचे भाकीत नव्हे. आज सकाळी उठून करावयाचे काम करण्याची ती शक्ती आहे. "सगळे ठीक होईल" हे आमचे वाक्य भाकीत होते आणि त्याला आमच्यापाशी आधार नव्हता. मुलाने नेमके तेच विचारले.

कोणी म्हणेल, ही तर गीतेचीच शिकवण झाली; फळाची आसक्ती सोडावी. मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहिणाऱ्या टिळकांच्या तोंडी ती शोभली, कारण सहा वर्षांची शिक्षा ते स्वतः भोगीत होते. ज्याच्या घरी बहिणीच्या शिक्षणाचा खर्च उभा आहे, त्याला फळाविषयी उदासीन हो असे आपण सांगू शकत नाही. एवढेच सांगू शकतो की, फळाची इच्छा खुशाल धर, पण स्वतःची किंमत त्या फळावरून ठरवू नकोस.

याला साधे गणित कारण आहे. समजा, दहा जागांसाठी हजार अर्ज आले. ते हजारही जण प्रसन्नचित्त असले, तरी नऊशे नव्वद जण रिकाम्या हातांनीच परतणार. मनोवृत्तीने जागा वाढत नाहीत. म्हणून परतलेल्याला "तुझी वृत्तीच बरोबर नव्हती" असे म्हणणे हा निव्वळ अन्याय आहे. एका दुःखावर दुसऱ्या दोषाचे ओझे घालणे आहे.

आणि येथे प्रश्न आपल्याकडे वळतो. वाचकांपैकी अनेकजण निवड समित्यांवर बसतात, नस्तींवर शेरे लिहितात. महिनोन्‌महिने अडलेला निकाल, पोच न दिलेला अर्ज, रद्द झाल्याचे न कळविलेली भरती यांनी उमेद जितकी खचते, तितकी स्पष्ट नकाराने खचत नाही. नकार मिळालेला माणूस दुसरे दार ठोठावतो. मौन मिळालेला त्याच उंबऱ्यावर बसून राहतो. दुसऱ्याची उमेद राखणे हे बोधाचे काम नसून वेळेवर उत्तर देण्याचे काम आहे, असे आम्हांस अलीकडे वाटू लागले आहे. घरातही तेच. रोज "काय झाले?" विचारण्यापेक्षा, त्याला सांगावेसे वाटेल तेव्हा ऐकून घ्यावे. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, कामावरून कमी झालेल्या ज्या तंत्रज्ञांनी आपले दुःख व राग मोकळेपणी लिहून काढला, त्यांना इतरांपेक्षा लवकर काम मिळाल्याचे आढळले. कडू गोष्ट बोलल्याने उमेद कमी होते, हा आपला समज खरा नसावा.

तो मुलगा दिवाळीनंतर पुन्हा आला. आम्ही त्याला म्हणालो, "त्या दिवशीच्या तुझ्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला ठाऊक नाही." मग मदनमहालाच्या टेकडीवर फिरावयास गेलो. तेथे एका खडकावर अगदी थोड्या आधाराने तोललेली प्रचंड शिळा आहे. २२ मे १९९७ च्या भूकंपातही ती ढळली नाही. आम्ही तिच्यावरून काही बोलणार, तोच तो म्हणाला, "काका, दगडाला परीक्षा नसते." आम्ही दोघेही हसलो. मग तो पुष्कळ वेळ बोलत राहिला आणि आम्ही ऐकत राहिलो. निघताना त्याने पिशवीतून नव्या अर्जाचा कागद काढून भाषा तपासावयास दिली. दोन चुका होत्या. त्या दुरुस्त केल्या.

जागा त्याला अजून मिळालेली नाही. तो उमेदवार आहे, शब्दाच्या पुऱ्या अर्थाने.