हिंसादान आणि भाचीचं पिस्तूल

श्रावकाच्या बारा व्रतांपैकी अनर्थदंडाचं व्रत आपल्याला फारसं जड वाटत नाही. उगाच पान तोडू नये, पाणी सांडू नये, कुणाला वाकडा सल्ला देऊ नये, हे आपण कळत्या वयापासून ऐकत आलोय. पण त्याच व्रतात हिंसादान नावाचा एक भाग आहे, त्यावरून मात्र आपण घाईने पुढे जातो. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात त्याची यादी दिली आहे: कुऱ्हाड, तलवार, कुदळ, अग्नी, शस्त्र, विष, साखळदंड. जीव जायला कारण होईल अशी वस्तू दुसऱ्याच्या हाती देणं म्हणजे हिंसादान. वापरणं लांबच राहिलं, नुसतं देणंसुद्धा.

माझी आजी हे फार मनावर घ्यायची. शेजारणीने विळी मागितली तर ती स्वतः जाऊन भाजी चिरून द्यायची, पण विळी द्यायची नाही. आम्ही हसायचो. आजीची ती विळी पुढे आईकडे आली, आईकडून माझ्याकडे, आणि लग्नानंतर माझ्याबरोबर कोल्हापूरहून इथे सुरतेला, नवागामात. म्हणजे पात्याची वस्तू आपण पिढ्यान्‌पिढ्या देतोच. फक्त तिच्याबरोबर एक वाक्य देतो, की पातं मिटवल्याशिवाय उठायचं नाही.

यंदा हा विषय घरातच येऊन बसला. धाकट्या भावाचा कोल्हापूरहून फोन आला. त्याची थोरली मुलगी चार वर्षं दहा मीटरची एअर पिस्तूल नेमबाजी करते, आणि आता पंचवीस मीटरच्या स्पोर्ट्स पिस्तुलाकडे वळली आहे. सरावाला क्लबचं पिस्तूल वापरते. तिची एकविशी पूर्ण झाली, म्हणजे स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. आईने जाताना दोघी नातींसाठी चार पाटल्या माझ्याकडे ठेवल्यात, दोघींना दोन-दोन, शिक्षणासाठी. भाऊ म्हणाला, ‘‘अक्का, थोरलीच्या दोन मोड. एकच घेऊ पण चांगलं घेऊ. आता ही शिकेल, मग धाकटी शिकेल, पुढे त्यांची पोरं. वस्तू घरात राहील.’’

कोल्हापुरात हे वेड नवं नाही. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात जगज्जेती झाली. त्याच गावच्या राही सरनोबतने पंचवीस मीटर पिस्तुलात २०१३ मध्ये चांगवॉनच्या वर्ल्ड कपमध्ये आणि २०१८ मध्ये आशियाई खेळांत सोनं मिळवलं. राधानगरीकडच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसहून रायफलमध्ये कांस्य आणलं. अशा गावातल्या मुलीला ‘जैनाच्या घरात बंदूक नको’ एवढं सांगून भागणार नव्हतं. मलाही भागवायचं नव्हतं, कारण कॉलेजात एनसीसीत असताना पॉइंट २२ची रायफल मीही चालवली आहे.

हे पॉइंट २२ काय, ते थोडं सांगते, कारण निर्णयाशी त्याचा संबंध आहे. या काडतुसाला रिमफायर म्हणतात. मोठ्या काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या मधोमध एका टोपीत असतो, यात तो बुडाच्या कडेत भरलेला असतो. घोड्याची पिन कडेवर आपटते आणि बार उडतो. कडेचा पत्रा पातळ ठेवावा लागतो, म्हणून यात जास्त ताकद भरता येत नाही. त्यामुळे धक्का कमी, आवाज कमी, आणि काडतूस त्यातल्या त्यात स्वस्त. शिकणारी दचकत नाही. दचकली की गोळी सुटायच्या आधीच मनगट हलतं, आणि ती सवय मोडायला वर्षं जातात म्हणे. म्हणून जगभर शिकवायला हेच. पण दुबळं म्हणजे निरुपद्रवी नव्हे. ही गोळीसुद्धा दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते आणि माणूस मारू शकते. ‘‘खेळण्यातलंच आहे गं’’ असं भाऊ म्हणाला, ते मी तिथेच खोडलं.

भाचीचं डोकं बापापेक्षा जाग्यावर आहे. कंपनीच्या नावावर तिने भर दिला नाही. इटलीचं पार्दिनी, जर्मनीचं वाल्थर किंवा फाइनवेर्कबाऊ, स्वित्झर्लंडचं मोरिनी, सगळी चांगलीच, असं तिचं म्हणणं. परदेशी पिस्तूल स्वतः मागवायचं तर खेळात ठरावीक पातळी गाठलेली लागते, नाहीतर एखाद्या जुन्या खेळाडूकडचं घ्यायचं. मग बघायचं काय? लाकडी मूठ आपल्या तळव्यात बसते का, आणि घासून-भरून बसवता येते का. वजन पुढे झुकतं का. खटका एकसारखा सुटतो का. नियमाप्रमाणे तो निदान एक किलोच्या ओढीचा असावा लागतो. मॅगझिनचे ओठ वाकलेले नाहीत ना, स्प्रिंगा आणि सुटे भाग मिळतात ना. आणि गोळीशिवाय नुसता खटका ओढायची सोय आहे का, कारण साध्या रिमफायरमध्ये रिकामी पिन नळीच्या काठावर आपटून काठ खराब होतो. तिचा घरातला सगळा सराव बिनगोळीचाच असतो. भिंतीकडे तोंड करून, तासन्‌तास. स्पर्धेच्या दुसऱ्या टप्प्यात लक्ष्य तीन सेकंद दिसतं, मग सात सेकंद वाट पाहायची, हात खाली. तिला तसं उभं पाहिलं की मला सामायिकाला बसलेली आई आठवते. तुलना कुणाला खटकेल, पण मला जी आठवली ती सांगितली.

आता धर्माचं बघू. नवागामात आमच्या शेजारी वरणगावची एक बाई आहे, खानदेशातली. तिचे वडील तिथल्या काडतुसांच्या सरकारी कारखान्यात होते. ‘‘आमी पाच भावंडं त्या गोयांवरच वाढलो,’’ ती म्हणते. तिला मी काय सांगू? गृहस्थाला उद्योगी आणि विरोधी हिंसा पूर्ण टळत नाही, हे आपल्या आचार्यांनीच मान्य केलंय. श्रवणबेळगोळची गोमटेश्वराची मूर्ती ज्याने उभी केली तो चामुंडराय सेनापती होता. अबूवर १०३१ साली देऊळ बांधणारा विमल शाहही सेनापतीच. पूर्ण सोडायची ती संकल्पी हिंसा, मारायचं ठरवून केलेली.

आणि इथेच मला यशोधर राजाची गोष्ट अडवते. ती तुम्ही ऐकली असेल. आईच्या आग्रहाखातर राजाने देवीपुढे कोंबडा कापला, तोही खरा नव्हे, पिठाचा. रक्ताचा थेंब सांडला नाही, तरी त्या संकल्पाने मायलेकांना जनावरांचे जन्म फिरावे लागले. मग कागदाच्या लक्ष्यावर रोज गोळी मारणाऱ्या मुलीचं काय? मी तिला सरळ विचारलं, ‘‘समोर तुला काय दिसतं?’’ ती म्हणाली, ‘‘आत्या, समोरचं तर धूसरच दिसतं. नजर पिस्तुलाच्या टोकावरच्या पट्टीवर ठेवायची असते. लक्ष्याकडे बघितलं की गोळी चुकते.’’ पूर्वी पुरुषांच्या रॅपिड फायर प्रकारात माणसाच्या आकृतीची लक्ष्यं असत, नंतर ती काढून गोल केली गेली. ती आकृती असती तर मी पाटल्या दिल्या नसत्या. पिठाचा कोंबडा आणि काळं वर्तुळ यात मला फरक दिसतो. एकात कुणीतरी आहे, दुसऱ्यात कुणी नाही. भरत आणि बाहुबली सैन्यं बाजूला ठेवून दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध खेळले, तेव्हा जिंकण्याची इच्छा होतीच, पण प्राण्यांचा संहार टळला. खेळाची जागा मला तिथे वाटते.

भावाचं एक वाक्य मात्र मी मानलं नाही. ‘‘शिवाय रात्री-अपरात्री घरात असलेलं बरं.’’ २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने ‘निर्भीक’ नावाचं हलकं रिव्हॉल्वर खास बायकांसाठी म्हणून काढलं, किंमत सव्वा लाखाच्या घरात. ज्या बाईला जिवाची भीती आहे तिने परवाना काढून ते घेतलं तर मी तिला नावं ठेवणार नाही, ती विरोधी हिंसा आहे. पण एकाच पिस्तुलाकडून दोन्ही कामं होत नाहीत. खेळाचं पिस्तूल रिकामं, कुलपात, काडतुसं वेगळ्या कपाटात. चोरासाठीचं भरलेलं आणि हाताशी. एका घरात एक बारा वर्षांची मुलगी असताना यातलं काय ठेवायचं, हे विचारायलाही लागू नये.

राहिला वारशाचा प्रश्न, माझ्या मते सगळ्यात अवघड. पाटल्या मी नातीला दिल्या की त्या तिच्या झाल्या. पिस्तुलाचं तसं नाही, आणि कायद्यालाही ते कळतं. परवानेधारकाने सत्तरी गाठली किंवा हत्यार २५ वर्षं बाळगलं की तो वारसाचं नाव सुचवू शकतो, पण वारसाला स्वतःचा परवाना मिळवावाच लागतो. तोवर ते पोलिसांकडे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा. २०१९च्या दुरुस्तीनंतर वारशाने आलेली धरूनही एका माणसाकडे दोनच हत्यारं राहू शकतात. कुणाला ही सरकारी कटकट वाटेल. मला तर ते हिंसादानाचं व्रतच वाटलं, सरकारी भाषेत लिहिलेलं. घेणारी कोण आहे हे बघितल्याशिवाय देऊ नये.

म्हणून भावाला लिहिलं: पिस्तूल घ्या, जुनं पण चांगलं घ्या, मूठ भाचीच्या हाताची करून घ्या. ‘घराण्याचं’ हा शब्द काढून टाका. धाकटीसाठी म्हणून ते राखून ठेवायचं नाही. तिने स्वतः मागितलं, शिकली, परवान्याच्या वयाची झाली, तर तेव्हा बघू. आणि भाचीचा खेळ संपला त्या वर्षी ते रीतसर दुसऱ्या खेळाडूला विकायचं किंवा जमा करायचं. नातवंडांना दाखवायला भिंतीवर टांगायचं नाही.

भाऊ दोन दिवस बोलला नाही. मग भाचीचाच निरोप आला, ‘‘आत्या, मुठीचं माप दिलंय.’’

दोन पाटल्या सराफाकडे गेल्या. धाकटीच्या दोन अजून माझ्या कपाटात आहेत. ती सध्या तबला शिकते.