मांजरांची साडी, उंदरांचा शर्ट

अप्पर कोपर स्टेशनच्या फलाटावर वसईच्या मेमूची वाट पाहत असाल, तर मोबाइल जरा खिशात ठेवा. या गाडीच्या फेऱ्या मोजक्याच, त्यामुळे वेळ आहे. खालच्या रुळांवरून फास्ट लोकल धडधडत जाते; कोपरला ती थांबत नाही. तेवढ्यापुरतं सगळ्यांचं बोलणं तुटतं. कुणीतरी कुणाला काही सांगायला तोंड उघडलेलं असतं. गाडी जाते. ‘काय म्हणालास?’ ‘काही नाही.’

त्या ‘काही नाही’पाशी थोडं थांबू या.

आता असंच अडलेलं बोलणं दाखवणारं, व्यंगचित्रकार शि. द. फडणीसांचं एक जुनं मुखपृष्ठ आठवा, १९५०च्या दशकाच्या सुरुवातीचं, ‘मोहिनी’ मासिकाचं. एक तरुण, एक तरुणी. तिच्या साडीवर मांजरं, त्याच्या शर्टावर उंदीर. शब्द एकही नाही. घाईने हसून पान उलटू नका. आधी नुसती साडी बघा, मग नुसता शर्ट. दोघांमध्ये जे काही चाललंय ते त्यांच्या कपड्यांना कळलंय, त्यांना स्वतःला मात्र अजून बोलायचं आहे. अवघडलेपण इतक्या प्रेमाने क्वचितच कुणी काढलं असेल. बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावी १९२५ साली जन्मलेल्या या माणसाने पुढे कित्येक दशकं ‘मोहिनी’ची मुखपृष्ठं रंगवली, बहुतेक अशीच, बिनशब्दांची.

पण एक सोय फडणीसांच्या जोडीला होती. तिला दुसरा दिवस नव्हता. पुढच्या अंकावर दुसरंच कुणी असायचं.

रोज पुढे सरकणाऱ्या चित्रकथेत ही सोय नसते. जेफ जॅक्स या अमेरिकन चित्रकाराची ‘क्वेश्चनेबल कंटेंट’ ही वेबकॉमिक २००३च्या ऑगस्टपासून चालू आहे. फे नावाची मुलगी टोस्ट करता करता स्वतःचं राहतं घर जाळून बसते आणि मार्टेन नावाच्या तरुणाकडे राहायला येते. त्याला ती आवडते. ती टोमणे मारते, जवळ येते, पुन्हा लांब जाते. पाचशेव्या भागाच्या आसपास ती अखेर सांगते, की वडिलांनी तिच्या डोळ्यांदेखत आत्महत्या केली होती आणि तिला आत्ता हे नातं झेपणारं नाही. विनोदी मालिकेत एवढं जड बोलणं! आणि त्यानंतरही दोघं एकाच घरात राहतात. तो पुढे तिच्याच मालकिणीच्या प्रेमात पडतो, तेही टिकत नाही. नाट्य म्हणाल तर ते नकारात नाहीच. नकार मिळालेल्या माणसाला सकाळी त्याच स्वयंपाकघरात चहा करावा लागतो, खरी गंमत आणि खरी पंचाईत तिथे आहे.

आता पुन्हा फलाटावर आजूबाजूला पाहा, कुणाकडे टक लावू नका. इथली बहुतेक माणसं रोज त्याच वेळी, त्याच डब्यासमोर उभी राहतात. त्यातल्या कुणाच्या मनात कुणाबद्दल काही असेल, तर त्याला नकाराची भीती कमी आणि उद्याची जास्त वाटत असणार. उद्या पुन्हा हाच फलाट, हाच ग्रुप, तीच नजर. ‘काही नाही’ म्हणून तो उद्याची जागा राखून ठेवतो. आपण त्याला भित्रा म्हणतो. मला तो पुरता भित्रा वाटत नाही; त्याला ओळख गमवायची नसते, एवढंच.

तुमचंही एखादं असं ‘काही नाही’ असेल. कॉलेजातलं, ऑफिसातलं, कदाचित लग्नानंतर घरातल्याच माणसाला म्हटलेलं. ते मनात आणा. त्याचा निकाल लावू नका, कुणाचं चुकलं हेही शोधू नका. समोरच्याने त्या वेळी काय घातलं होतं, तेवढं आठवतंय का पाहा. बहुतेकदा आठवतं. बोलणं विसरलेल्या माणसालाही शर्टाचा रंग सांगता येतो.

आणि घरी माळ्यावर जुने ‘मोहिनी’चे अंक असतील, तर रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा खाली काढा. मुखपृष्ठं एकट्याने बघू नका, शेजारी कुणाला तरी बसवा.