गरज कोणी ठरवायची?

वस्तू किंवा सेवा घडवताना घडवणाऱ्याच्या सोयीपेक्षा वापरणाऱ्याची गरज प्रमाण मानावी, हे तत्त्व आज सर्वमान्य झाले आहे. परंतु गरज म्हणजे नेमके काय आणि ती ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हे प्रश्न तंत्राचे नसून नीतीचे आहेत. त्यांपैकी पहिल्याला कठोपनिषदाने फार पूर्वी हात घातला आहे. तिसरा वर मागणाऱ्या नचिकेत्यापुढे यमाने शतायुषी पुत्रपौत्र, हत्ती, घोडे, सोने आणि विस्तीर्ण भूमी असे सारे वैभव मांडले, आणि ते नाकारून त्याने मृत्यूपलीकडचे ज्ञानच मागितले, तेव्हा यमाने त्याला श्रेय आणि प्रेय यांतला भेद सांगितला. श्रेय म्हणजे खऱ्या अर्थाने हिताचे आणि प्रेय म्हणजे त्या क्षणी मनाला सुखावणारे. माणसापुढे दोन्ही येऊन ठाकतात आणि विवेकी माणूस त्यांतून निवड करतो.

या भेदाच्या उजेडात पाहिले, तर वापरणाऱ्याला केंद्रस्थानी ठेवल्याचा प्रत्येक दावा सारख्याच मोलाचा ठरत नाही. मोबाइलवर बोट सरकवत राहावे तरी न संपणारी चित्रफितींची रांग हीसुद्धा वापरणाऱ्याचा बारकाईने अभ्यास करूनच रचलेली असते, पण तो अभ्यास त्याच्या प्रेयाचा असतो आणि त्याचा लाभ दुसऱ्याच कोणाच्या पदरात पडतो. मात्र म्हणून घडवणाऱ्यानेच इतरांचे श्रेय ठरवावे, असा निष्कर्ष काढणेही तितकेच धोक्याचे आहे, कारण उपनिषदातही नचिकेत्याची निवड यम करत नाही, ती नचिकेता स्वतः करतो.

या दोन टोकांमधली वाट कशी सापडते, हे जयपूर फूट या कृत्रिम पायाच्या इतिहासात स्पष्ट दिसते. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात पाश्चात्त्य धाटणीचे कृत्रिम पाय दिलेले रुग्ण ते बाजूला टाकून पुन्हा कुबड्यांवर चालताना दिसू लागले. वैद्यकशास्त्राच्या मापाने त्या पायात दोष नव्हता. चालण्याची गरज तो भागवत होता. पण त्याच्या मधोमध लाकडाचा ताठ गाभा असल्यामुळे तो घोट्यात वाकत नसे, आणि उकिडवे बसताना टाच जमिनीवर टेकलेली राहून नडगी पुढे झुकावी लागते, ती झुकत नसल्यामुळे माणूस मागे कलंडे. मांडी घालून बसणे अवघड, आणि हा पाय बुटाशिवाय वापरण्याजोगा नसल्यामुळे चिखलाच्या शेतात, स्वयंपाकघरात आणि देवळात तो निरुपयोगीच ठरे. अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी आणि शालेय शिक्षण बेताचेच असलेले कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास स्पंज रबर, लाकूड आणि टायरमधील दोरा वापरून, वरून अनवाणी पावलासारखेच दिसणारे रबरी आवरण चढवलेला, सर्व दिशांना लवणारा पाय सिद्ध केला. सेठींना १९८१ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शर्मांच्या हातातल्या ज्ञानाचे ऋण मात्र तितक्या ठळकपणे नोंदले गेले नाही, हे खेदाने म्हणावे लागते.

दानविचाराच्या दृष्टीने या घटनेचे मोल मोठे आहे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना देश, काल आणि पात्र, म्हणजे योग्य स्थळ, योग्य वेळ आणि योग्य ग्रहणकर्ता, यांचा विचार आला आहे. परंपरेने त्यातून बहुधा घेणाऱ्याची पारख केली. तो दानास लायक आहे की नाही, हे देणाऱ्याने पाहायचे. जयपूरमध्ये पारख उलट दिशेने झाली. घेणाऱ्यांनी काहीही न बोलता दिलेला पाय टाकून दिला, आणि त्या नकारात रुग्णांचे अज्ञान न शोधता दानातली उणीव शोधण्याइतकी नम्रता देणाऱ्यांनी दाखवली. ही नम्रता केवळ स्वभावाचा गुण नव्हे. ती ज्ञान मिळवण्याची रीत आहे, कारण उकिडवे बसणाऱ्याच्या घोट्याला काय लागते, हे त्याच्या जगण्याकडे पाहिल्याशिवाय कोणत्याही ग्रंथातून कळले नसते.

येथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो. अमर्त्य सेन यांनी दाखवून दिले आहे की, दीर्घकाळ वंचित राहिलेली माणसे आपल्या इच्छाच परिस्थितीच्या मापाने कापून घेतात, आणि जे मिळण्यासारखे नाही ते मागतही नाहीत. असे असेल, तर प्रचलित जगण्याला नेमकी बसणारी वस्तू त्या जगण्यातला अन्यायही पक्का करून ठेवील. जमिनीवर बसून राबणाऱ्या स्त्रीला तसेच राबता येईल असा पाय देणे म्हणजे तिचे राबणे गृहीत धरणे, असे कोणी म्हणू शकेल. हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही, आणि वापरणाऱ्याला नुसते विचारून तो सुटतही नाही. परंतु वस्तू एका जीवनरीतीला बांधून टाकते की अनेक वाटा मोकळ्या ठेवते, हे तपासता येते. पाश्चात्त्य पायाने अनवाणी चालण्याची वाट बंद केली होती. जयपूर फूट अनवाणीही वापरता येतो आणि त्यावर बूटही चढवता येतो, त्यामुळे शेतात उतरायचे की कचेरीची पायरी चढायची, हा निर्णय तो पाय वापरणाऱ्या स्त्रीच्या किंवा पुरुषाच्या हाती राहतो.